सरासरीतला ऑगस्ट

नेल ब्रुबेकरला लोकांनी आमदार केलं, तरी टॅमरॅक काउंटीत तिची ओळख 'बोअरवाली' हीच राहिली. चौतीस वर्षं तिने उत्तर इंडियानाच्या रेताड जमिनीत बोअर मारले होते, आधी बापाच्या हाताखाली आणि मग स्वतःच्या गाडीवर. या धंद्याने तिला एक खोड लावली होती. 'पाणी भरपूर आहे' किंवा 'पाणी बेताचं आहे' असं कुणी म्हटलं की तिचं समाधान व्हायचं नाही. भोकात टेप सोडायची, पाणी किती फुटांवर लागलं ते वहीत लिहायचं आणि मगच तोंड उघडायचं, ही तिची रीत.

त्या वर्षी फेब्रुवारीत विधानसभेच्या ऊर्जा समितीपुढे एक विधेयक आलं. राज्यात नवीन डेटा सेंटरला वर्षभर परवानगी द्यायची नाही, आणि जी उभी आहेत त्यांनी किती वीज खाल्ली नि किती पाणी प्यायलं ते जाहीर करायचं, असं त्यात होतं. समितीत तेरा माणसं. सहा जण विधेयकाच्या बाजूने, सहा जण विरोधात आणि तेरावी नेल. तिच्याच मतदारसंघात, हार्लन फोर्ड गावाच्या वेशीवर, असलं एक सेंटर दोन वर्षांपूर्वी उभं राहिलं होतं. अर्धा मैल लांब, एकही खिडकी नसलेली पांढरीफटक इमारत. गाव तिला नुसतं 'पांढरी' म्हणायचं. म्हणून दोन्हीकडच्यांचे डोळे नेलच्या हाताकडे लागले होते, तो वर जातो की खाली राहतो.

सुनावणीत नेलने एकच प्रश्न विचारला. "ती इमारत दिवसाला किती पाणी पिते?"

पांढरी चालवणाऱ्या कंपनीच्या वकील मिस व्हिटलो उठल्या. करड्या कोटातली, नेमकं बोलणारी बाई. म्हणाल्या, "नेमका आकडा व्यावसायिक गुपित आहे, सन्माननीय सदस्या. पण एवढं सांगते, रोजची सरासरी काढली तर एका गोल्फच्या मैदानाला लागतं त्यापेक्षा कमी."

मग विधेयकाच्या बाजूने हिरवे टी-शर्ट घालून आलेल्यांपैकी एक कॉलेजातले मास्तर उठले. "सरासरी वगैरे सगळं धूळफेक आहे. अख्ख्या हार्लन फोर्डला लागतं त्याच्या निम्मं पाणी ती इमारत एकटी पिते."

"तुम्हाला कुठून कळलं?" नेलने विचारलं.

"आतल्या माणसाकडून."

"त्याचं नाव?"

"ते नाही सांगता येणार."

"म्हणजे तुमचंही गुपितच," नेल म्हणाली आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. तिला मात्र हसू आलं नाही. एकीकडे गोल्फचं मैदान, दुसरीकडे अर्धं गाव. यातलं एक तरी धडधडीत खोटं असणार, असं तिला वाटलं, आणि कोणतं ते कळेपर्यंत तिला चैन पडणार नव्हतं.

बाहेर संगमरवरी जिन्यावर समितीचे अध्यक्ष कार्ल ओस्टरमन यांनी तिला गाठलं. सोयाबीनचे शेतकरी, उंचपुरे, सावकाश बोलणारे. विधेयक पडावं अशी पक्षाची इच्छा होती आणि ओस्टरमन पक्षाचेच होते, नेलसारखे.

"नेलबाई, दोन आठवड्यांनी मतदान आहे. तळ्यात की मळ्यात, तेवढ्यात ठरवून टाका."

"आधी तळं किती खोल आहे ते बघते, कार्ल."

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत टेप सोडत बसता," ते म्हणाले. "राजकारणाचा तळ लागत नसतो हो."

शुक्रवारी ती अडीच तास गाडी हाकत गावी आली, आणि आल्या आल्या ओपल टर्लिंगच्या अंगणात जाऊन थांबली.

ओपलचं वय त्र्याहत्तर. जुन्या पुदिन्याच्या शेतावर एकटी राहायची, चार शेळ्या आणि एक बहिरा कुत्रा घेऊन. गेल्या ऑगस्टात तिचा बोअर आटला आणि तिने त्याचं खापर पांढरीवर फोडलं. टीव्हीवाले आले, तिच्या नळाखाली धरलेल्या रिकाम्या पेल्याचं चित्र राज्यभर दिसलं. अंगणात पाटी लागली, 'आमचं पाणी आमचं'. तेव्हापासून चर्चमधली माणसं पाळीपाळीने तिला पाण्याचे कॅन आणून देत होती.

"आलीस का गं," ओपल दारातून म्हणाली. "हात वर करणार आहेस की त्या कोटवालीच्या मांडीवर बसणार आहेस?"

"मिस ओपल, मला तुमच्या बोअरमध्ये टेप सोडू द्या."

"रिकाम्या भोकात काय बघणार आहेस?"

"रिकामं असलं तर रिकामं लिहीन."

बर्फ बाजूला करून नेलने बोअरचं झाकण उघडलं आणि टेप सोडली. बावीस फुटांवर पाणी. तिला वाटलं आपलीच चूक झाली. पुन्हा सोडली. पुन्हा बावीस. मग तिने गाडीतून बापाची जुनी वही काढली. हा बोअर त्यानेच मारला होता, सत्त्याऐंशी साली. वहीत आकडा होता एकवीस. जवळजवळ चाळीस वर्षांत पाणी एक फूट खाली गेलं होतं.

तिने बोअरमधला पाइप थोडा वर ओढून पाहिला. त्याला गंजासारखा नारिंगी चिखल लडबडलेला होता. पाण्यात लोह असलं की हे होतं. तळाची जाळी या चिखलाने हळूहळू बुजते, आणि बाहेर पाणी भरलेलं असूनही आत ते इतकं हळू झिरपतं की पंप लावला की नळ कोरडा; आता पंप महिनोन्‌महिने बंद होता, म्हणून आतली पातळी भरून आली होती.

तिने ओपलला ते सगळं दाखवलं. ओपलने तो नारिंगी चिखल बोटाने खरवडून पाहिला.

"म्हणजे त्या पांढरीने नाही केलं."

"नाही. हे वीस वर्षांपासून चाललं असणार. ऑगस्टात नेमका शेवट झाला."

"मग मी टीव्हीवर खोटं बोलले."

"खोटं नाही हो. चुकीचं."

"देवाच्या दारात फार फरक नसतो त्यात," ओपल म्हणाली. मग आवाज चढवून, "पण तू हे कुणाला सांगायचं नाहीस. ती माणसं माझ्या नावावर मोर्चे काढतायत, नेल. माझ्याकडे बघून लोक जागे झालेत. आता मी म्हणू की माझी जाळी बुजली होती? अख्खी काउंटी हसेल."

नेलने विचार केला. बोअर ओपलचा, गोष्टही ओपलची. "मी सांगणार नाही," ती म्हणाली. "पण जाळी उन्हाळ्याच्या आत साफ करू." ओपल वळली. घरात जाऊन दार लावून घेतलं.

त्या दाराने नेलला दोन दिवस टोचणी लावली. पण टोचणीच्या खाली कुतूहल तसंच जागं होतं. ओपलच्या बोअरशी पांढरीचा संबंध नव्हता हे खरं, पण म्हणून पांढरी कमी पाणी पिते असं थोडंच सिद्ध होतं? सोमवारी ती गावच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली. पांढरीला पाणी गावचंच जात होतं, तेव्हा मीटरचा आकडा तिथे असणारच. तिथल्या बाईंनी हात जोडले.

"नेल, आकडे गुप्त ठेवायचे म्हणून गावाने कंपनीला सही करून दिलीय. आकडा सांगितला तर करार मोडतो. आमदार असलीस तरी नाही."

"मी तुझी चुलत बहीण पण आहे."

"तरीही नाही. थँक्सगिव्हिंगच्या घरच्या जेवणात विचारलंस तरी नाही."

ताकास तूर लागेना. नेल गाडीत येऊन बसली. समोर काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरत होती, पुसली की पुन्हा धरत होती. ती नुसती पाहत राहिली आणि तिला वाटलं, आपण सगळे जण वेड्यासारखे आत जाणाऱ्या नळाशी धक्काबुक्की करतोय. आत जातं ते कधीतरी बाहेरही येतच असेल ना. काही वाफ होऊन, आणि उरलेलं? उरलेलं कुठे जातं?

उरलेलं जात होतं ड्वाइट साइप्सकडे.

ड्वाइट गावचं सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र चालवायचा. नेलच्याच वर्गातला. शाळेत त्याला रसायनशास्त्रात सगळ्यात जास्त गुण मिळायचे, आणि पुढे एकतीस वर्षं त्याने गावाच्या मैल्यात नाक खुपसून काढली, तीही आनंदाने. नेल गेली तेव्हा तो प्रयोगशाळेतल्या टेबलावर नमुन्याच्या बाटल्यांच्या शेजारीच डुकराच्या तळलेल्या मांसाचा सँडविच खात होता.

"ड्वाइट, पांढरीचं सांडपाणी तुझ्याकडे येतं का?"

"येतं की. तिच्यासाठी वेगळं चेंबर आहे. रोज मोजतो."

"तूपण सही केली आहेस का गप्प राहायची?"

"मला कोण विचारतंय," ड्वाइट म्हणाला. "नळ उघडायला रिबिनी कापतात, गटाराकडे कुणी बघत नाही. आणि तसंही गटारात काय सोडलं हे कायद्याने गुपित ठेवताच येत नाही. दर महिन्याला मी सगळं राज्याकडे पाठवतो. कुणी वाचत नसेल, ते वेगळं."

त्याने फाइल तिच्यापुढे सरकवली. नेलने आधी जानेवारी पाहिला. दिवसाला सहा हजार गॅलन. हे म्हणजे गावातल्या शाळेपेक्षाही कमी. मग पानं मागे उलटत ती ऑगस्टवर आली. दिवसाला एक लाख दहा हजार.

"एवढा फरक?"

"थंडीत बाहेरची हवाच त्यांची यंत्रं गार करते, पाणी लागतच नाही. उन्हाळ्यात पाण्याची वाफ करून गार करतात." ड्वाइटने सँडविच खाली ठेवला. आता त्याला रंग चढला होता. "पण खरी गंमत पुढच्या रकान्यात आहे. हे बघ, क्षार. आपल्या नळाच्या पाण्यात किती आहेत?"

"लिटरला चारशे मिलिग्रॅमच्या आसपास."

"आणि ऑगस्टात त्यांच्याकडून येतं त्यात?"

नेलने बोट ठेवलं. सोळाशे.

"सूप आटलं की खारट का होतं?" ड्वाइटने विचारलं. "पाणी उडतं, मीठ मागे राहतं. चौपट खारट झालं म्हणजे—"

"म्हणजे चार गॅलन आत गेलं त्यातलं एकच बाहेर आलं," नेल म्हणाली. "तीन आभाळात गेलं."

ती कागदाच्या कोपऱ्यावर हिशेब मांडू लागली. बाहेर एक लाख दहा हजार, चारने गुणलं की आत चार लाख चाळीस हजार. रोज. बाकी सगळं गाव मिळून ऑगस्टात नऊ लाख वापरायचं. म्हणजे जवळजवळ निम्मं. मास्तर खोटं बोलले नव्हते.

मग तिने बाराही महिने तसेच मांडले आणि सरासरी काढली. दिवसाला एक लाखाच्या आत. गोल्फच्या मैदानापेक्षा कमी. मिस व्हिटलोही खोटं बोलल्या नव्हत्या.

ड्वाइटच्या खुर्चीत नेल मागे रेलली. आपण खोट्याचा शोध घ्यायला आलो आणि हाती लागली दोन खरी माणसं, हे तिला मोठं नवलाचं वाटलं. थंडीतल्या सहा महिन्यांनी ऑगस्टला पोटात घेऊन टाकलं होतं. आणि ऑगस्ट म्हणजे कोणता महिना? मका तहानलेला असतो, गावातले लोक बागांना पाणी घालतात, नदीची वाळू वर आलेली असते. नेमकी तेव्हाच पांढरीलाही तहान लागते. पाऊस भरपूर झाला तर काही बिघडत नाही. पण एखादं साल कोरडं गेलं आणि शेजारी आणखी दोन पांढऱ्या उभ्या असल्या, तर?

"तुला काय वाटतं, ड्वाइट? मी हात वर करू की नको?"

"ते माझं काम नाही. मी क्षार मोजतो," तो म्हणाला आणि राहिलेला सँडविच संपवायला लागला.

मतदानाच्या दिवशी सकाळी नेलने आपली दुरुस्ती ओस्टरमन यांच्या हातात ठेवली. वर्षभराची बंदी काढून टाकायची. पण पाणी आणि वीज महिन्या-महिन्याने जाहीर करायची, आणि वर्षातला सगळ्यात उष्ण आठवडा वेगळा दाखवायचा. वार्षिक सरासरी चालणार नाही.

ओस्टरमन यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हा चार लाखांचा आकडा कंपनीने दिला?"

"गटारातून काढला."

"सभागृहात असं म्हणू नका."

"मग कसं म्हणू? तिथूनच काढलाय."

जिन्यात मिस व्हिटलो भेटल्या. त्यांच्यापर्यंत बातमी पोचलेली दिसत होती. नेलला वाटलं आता वाद होणार, पण बाईंच्या चेहऱ्यावर निराळंच काही होतं. "क्षारांवरून?" त्यांनी हळूच विचारलं. नेलने सूपाचं उदाहरण दिलं. बाई दोन पायऱ्या विचार करत उतरल्या आणि थांबल्या. "मला सरासरीच दिली होती त्यांनी. महिन्यांचे आकडे मागावेत हे मला सुचलंच नाही." मग त्यांनी कोट सारखा केला. "पण मी विरोध करणारच आहे, हं."

"कराच की," नेल म्हणाली.

समितीची खोली गच्च भरली होती. हिरवे टी-शर्टवाले बसने आले होते, आणि त्यांच्या मधोमध ओपल बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. त्या दारानंतर तिचं नि नेलचं बोलणं झालं नव्हतं.

नेलने आपली दुरुस्ती मांडली. जानेवारी सांगितला, ऑगस्ट सांगितला, चौपट क्षार सांगितले. बंदी काढायची म्हटल्यावर हिरव्या बाजूने कुजबुज उठली. महिन्याचे आकडे द्यायचे म्हटल्यावर दुसऱ्या बाजूच्या माना नकाराने हलल्या. कुणाचंच तोंड गोड झालं नाही.

तेवढ्यात विधेयकाच्या बाजूचा एक तरुण सदस्य उठला. "बंदी काढा म्हणताय तुम्ही. तुमच्याच मतदारसंघात एका वृद्ध बाईंचा बोअर त्या इमारतीने आटवला. सगळ्या राज्याने पाहिलंय. त्यांना काय सांगणार?"

खरं सांगितलं असतं तर नेलचा मुद्दा तिथल्या तिथे सिद्ध झाला असता. मोजल्याशिवाय बोलू नये, याहून चांगला दाखला कुठे मिळणार होता? तिने समोरच्या कागदावर हात ठेवला. "त्या बोअरबद्दल मी बोलणार नाही," ती म्हणाली. "बोअर माझा नाही."

"उत्तर टाळताय."

"हो," नेल म्हणाली. "टाळतेय."

खोलीत हुर्यो उठली. ओस्टरमन यांनी हातोडी आपटली. आणि मग हिरव्या टी-शर्टांच्या मधून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"अध्यक्ष महोदय, बोअर माझा आहे. मी बोलू का?"

पाहुण्यांना बोलायची परवानगी त्या दिवशी नव्हती. पण ओपल उभी राहिली होती आणि राज्यभर तिचा चेहरा माहीत होता. ओस्टरमन यांनी एक मिनिट दिलं.

"माझ्या बोअरची जाळी बुजली होती," ओपल म्हणाली. "गंजाने. पाणी खाली तसंच आहे, बावीस फुटांवर. मी टीव्हीवर चुकीचं बोलले. मुद्दाम नव्हते बोलले, पण बोलले." तिच्या शेजारचा माणूस तिची बाही ओढत होता. तिने ती सोडवून घेतली. "या बाईला हे दहा-बारा दिवस माहीत आहे. मी गप्प राहा म्हटलं म्हणून गप्प राहिली. आता माझं म्हणणं ऐका. माझ्या बोअरला काय झालं ते कळायला एक बाई आणि एक टेप पुरली, अर्धा तास लागला. मी झाकण उघडू दिलं म्हणून. एवढ्या मोठ्या इमारतीवाल्यांना झाकण उघडायला काय होतं?"

ती खाली बसली. मिस व्हिटलो आपल्या कागदांकडे पाहत होत्या.

दुरुस्तीसकट विधेयक आठ विरुद्ध पाच मतांनी पुढे गेलं. आठवं मत ओस्टरमन यांचं होतं. का दिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की त्यांच्या भावाचं सोयाबीन पुढच्या काउंटीत आहे, आणि तिथे एक पांढरी यायची बोलणी चालली आहेत.

हिरव्या टी-शर्टांच्या बसमध्ये ओपलला कुणी जागा द्यायला तयार नव्हतं. ती नेलच्या गाडीतून गावी आली. तासाभराने ओपल म्हणाली, "ते क्षारांचं मला नीट नाही कळलं. पुन्हा सांग."

नेलने सांगितलं. ओपलने मधे तीनदा अडवलं, चौथ्यांदा तिला पटलं.

पुढे विधानसभेने विधेयक मंजूर केलं, पण सेनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, उष्ण आठवड्याची ओळ कापली गेली. महिन्यांची राहिली. गव्हर्नरांनी एप्रिलच्या शेवटी सही केली आणि जुलैपासून कायदा लागू झाला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी नेलला पत्रं लिहिली, एकाने विकली गेलीस म्हणून, दुसऱ्याने उद्योगांच्या मुळावर उठलीस म्हणून. तिने दोघांनाही ड्वाइटच्या रकान्यांची प्रत पाठवली.

सप्टेंबरात पहिला अहवाल आला. ऑगस्टचा आकडा होता दिवसाला चार लाख एकसष्ट हजार गॅलन. ड्वाइटने फोन केला. "सगळं गेल्या वर्षीसारखंच आहे. क्षार चौपट, बाहेर एक लाख दहा हजार. आपला आकडा जवळपास बरोबर निघाला गं, नेल."

"जवळपास," नेल म्हणाली. "एकवीस हजार कमी पडतायत."

"एवढं चालतं."

"तुला चालत असेल. कुठे गेलं ते पाणी? तुझ्याकडे आलं नाही आणि यंत्रावर उडालं असतं तर क्षार वाढले असते."

तिने मिस व्हिटलोंना फोन लावला. त्यांनी विचारून सांगते म्हटलं, आणि नेलला वाटलं विषय संपला. पण आठ दिवसांनी बाईंचा स्वतःहून फोन आला, आणि आवाजात शाळकरी पोरीचा उत्साह होता.

"सापडलं. हिरवळ. इमारतीपुढच्या हिरवळीला रोज पहाटे फवारे सुटतात. ते मीटरमधून जातं, पण गटारात येत नाही."

नेलने वहीत लिहून घेतलं. मग तिने विचारलं, "आता मला विजेचं सांगा. उन्हाळ्यात वीजही अशीच वाढते का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मला सरासरी माहीत आहे," मिस व्हिटलो म्हणाल्या. "महिन्यांचे आकडे मागवते."